परदेशी बदलीच्या पत्राचे दुसरे पान

महोदय,

परदेशी नेमणूक मिळालेल्या नाशिककरांच्या अभिनंदनाच्या बातम्या आपल्या शहर पानांवर अधूनमधून छापून येतात. अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांतून आणि शहरातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून माणसे जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, दुबईला जातात, याचे कौतुक व्हायलाच हवे. पण नेमणुकीच्या पत्राचे पहिले पान, ज्यावर पगाराचा आकडा असतो, तेवढेच घरी चारचारदा वाचले जाते. दुसऱ्या पानावर 'रिलोकेशन' या मथळ्याखाली चार-पाच मोघम ओळी असतात. कुटुंबाचे पहिले वर्ष पदरमोडीत जाणार की नाही, हे त्या ओळींवर ठरते. त्यांच्यावर बोलणी करता येतात याची अनेकांना कल्पनाच नसते. मनुष्यबळ विभाग आणि करसल्ला अशा दोन बाजूंनी ही पत्रे हाताळणारे म्हणून काही नेमके सांगावेसे वाटते.

आधी एकरकमी रकमेविषयी. 'स्थलांतरासाठी एकरकमी सहा लाख रुपये' ही ओळ वाचून घरात पेढे वाटले जातात. ही रक्कम इथल्या पगारातून आली तर ती पगारच धरली जाते. उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ३१.२ टक्के कर कापून हातात ४ लाख १२ हजार ८०० रुपये पडतात. हातात पूर्ण सहा लाख यायला हवे असतील तर सहा लाखांना ०.६८८ ने भागायचे. उत्तर येते सुमारे ८ लाख ७२ हजार, आणि तेवढे कंपनीने मोजायचे. वरचा कर कंपनीने सोसण्याच्या या पद्धतीला ग्रॉस-अप म्हणतात. पत्रात हा शब्द नसेल तर कर तुमच्या खिशातून जाणार, असेच समजावे.

कंपनी ग्रॉस-अपला तयार नसेल तर दुसरी वाट आहे आणि ती कंपनीला जड जात नाही. बदलीचा प्रवास आणि घरसामान बांधून नेणे यासाठी दिलेला भत्ता, प्रत्यक्ष जेवढा खर्च झाला तेवढा, करमुक्त असतो. नव्या कररचनेतही ही सवलत शाबूत आहे. तेव्हा त्याच सहा लाखांपैकी विमानाची तिकिटे आणि पॅकर्सचे बिल कंपनीने परस्पर भरावे आणि उरलेली रक्कम रोख द्यावी, असे सुचवावे. चार लाखांची बिले अशी परस्पर भागली तर सव्वा लाखाच्या आसपास कर वाचतो आणि कंपनीच्या खर्चात एक रुपयाची भर पडत नाही. मनुष्यबळ अधिकाऱ्याला हे मान्य करायला वरची परवानगीसुद्धा बऱ्याचदा लागत नाही. मागणाराच पुढे येत नाही, तिथे घोडे अडते.

पैसे तिथे पोहोचल्यावर मिळणार असतील तर तिथला कायदा बघावा. अमेरिकेत २०१८ पासून कंपनीने दिलेला स्थलांतराचा खर्च केंद्रीय करासाठी सरसकट करपात्र आहे, त्यामुळे तिथे ग्रॉस-अपशिवाय सही करणे म्हणजे आवळा देऊन कोहळा काढू देणे. इंग्लंडमध्ये ठरावीक प्रकारच्या खर्चातले पहिले ८,००० पौंड करमुक्त आहेत, पण ज्या करवर्षात नोकरी सुरू झाली त्याच्या पुढच्या करवर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ५ एप्रिलच्या आत, तो खर्च झालेला असावा लागतो. जर्मनीत नोकरीनिमित्तच्या स्थलांतराचा खर्च कंपनीने मर्यादेत राहून, पावत्यांवर दिला तर कर लागत नाही. प्रत्येक पावती जपायची, टॅक्सीची सुद्धा.

निघण्याच्या तारखेवर क्वचितच कुणी बोलतो, आणि खरे पैसे तर तिथेच आहेत. नोकरीसाठी भारत सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त भारतात राहिला तर तो निवासी ठरतो. निवासी माणसाचे जगभरातले उत्पन्न इथल्या विवरणपत्रात येते. परदेशातला पगार दाखवा, तिथे भरलेल्या कराची वजावट मागा, तिथल्या बँक खात्यांची माहिती द्या, हे सगळे मागे लागते. १ एप्रिलपासून मोजले तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. निघण्याचा दिवस भारतातलाच धरून चालावे. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलेला माणूस त्या वर्षी अनिवासी, आणि ५ ऑक्टोबरला बसलेला निवासी. आणखी एक खोच अशी की त्याच वर्षी दिवाळीला आठ-दहा दिवस घरी आलात तर तेही दिवस मोजले जातात. दिवाळीला यायचेच असेल तर सप्टेंबरच्या मध्यालाच निघावे. रुजू होण्याची तारीख दोन आठवडे अलीकडे घ्या, असे कंपनीला सांगणे ही मागणी बिनखर्चाची आहे. ज्या वर्षी निघाल आणि त्याच्या पुढचे वर्ष, अशा दोन वर्षांची दोन्ही देशांतली विवरणपत्रे भरून देण्याची फी कंपनीने द्यावी, हेही त्याच मेलमध्ये लिहावे. मोठ्या कंपन्यांचा कर सल्लागारांशी करार असतोच. त्यांना फक्त यादीत एक नाव वाढवायचे असते.

आता नेमणुकीचा प्रकार. काही जण इथल्या कंपनीच्या पटावर राहून तिकडे पाठवले जातात, काही इथला राजीनामा देऊन तिथल्या कंपनीत नव्याने लागतात. बोलीभाषेत पहिल्याला डेप्युटेशन आणि दुसऱ्याला लोकल म्हणतात. दुसऱ्या प्रकारात 'ग्रुप कंपनीच आहे, सेवा चालूच राहील' असे तोंडी सांगितले जाते. बोलाचीच कढी. इथल्या नोकरीचा राजीनामा दिला की इथली सेवा संपली. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे पूर्ण व्हायला तीन-चार महिने उरले असतील तर राजीनाम्याची तारीख पुढे ढकलून घ्यावी किंवा तेवढी रक्कम वेगळी मागावी. शिल्लक रजेचे पैसे, चालू वर्षाचा बोनस यांचा हिशेब पत्रात यावा. भविष्य निर्वाह निधी पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर बसतो, म्हणून घाईने काढू नये.

डेप्युटेशनवर जाणाऱ्यांनी एक कागद आवर्जून मागावा, तो म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज. भारताचे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, स्वीडन, जपान, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा बऱ्याच देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत. हा दाखला असेल तर इथला भविष्य निर्वाह निधी चालू ठेवून तिथल्या पेन्शनची वर्गणी टळते. जर्मनीत ही वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के आहे, त्यातली निम्मी, म्हणजे ९.३ टक्के, नोकरदाराच्या पगारातून जाते आणि निम्मी कंपनी भरते. दाखल्यामुळे दोघांचे वाचते, म्हणूनच कंपनीही नाही म्हणत नाही. अर्ज भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे ऑनलाइन होतो, पण तो कंपनीमार्फत आणि निघण्यापूर्वी व्हायला हवा. अमेरिकेशी भारताचा असा करार अमलात नाही. आणि आरोग्य विम्याची वर्गणी या दाखल्याने टळेलच असे नाही. तो हिशेब वेगळा विचारावा.

विम्यावरून आठवले. आई-वडील कंपनीच्या गट आरोग्य विम्यात असतात. मुलगा लोकल झाला, इथल्या पटावरून नाव गेले, की त्यांचा विमा त्या दिवशी संपतो. मधुमेह, रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या माणसाला नव्याने पॉलिसी मिळणे किती कठीण आहे हे सांगायला नको. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत, जुन्या प्रतीक्षा काळाचा (आधीचे आजार विम्यात धरले जाईपर्यंत थांबावे लागते त्या काळाचा) लाभ राखून जाण्याची सोय आहे. तो अर्ज नाव पटावर असतानाच सुरू करावा, आणि पहिल्या वर्षाचा हप्ता स्थलांतराच्या खर्चात धरायला सांगावे. हप्ता कंपनीसाठी किरकोळ असतो, मागणी मात्र 'आई-वडिलांसाठी' असल्याने माणसे उगाच संकोचतात.

व्हिसाबाबत 'कंपनी व्हिसाचा खर्च करेल' या वाक्यात कुणाचा, ते लिहिलेले नसते. इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथे व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालील मुलाला ७७६ पौंड आहे, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा सगळा आधीच भरायचा. नवरा-बायको आणि दोन मुले, तीन वर्षे, म्हणजे १०,८६६ पौंड. रुपयांत बारा लाखांहून जास्त, आणि हे व्हिसा शुल्क सोडून. कंपनीने फक्त कर्मचाऱ्याचा भाग भरला तर यातले ७,७६१ पौंड घरातून जातात. म्हणून वाक्य असे हवे: 'कर्मचारी, जोडीदार आणि सर्व अवलंबून मुले यांचे व्हिसा शुल्क, आरोग्य अधिभार, बायोमेट्रिक केंद्राचे शुल्क, कागदपत्रांचे साक्षांकन आणि भाषांतर कंपनी देईल, मुदतवाढीच्या वेळीही.' त्या शेवटच्या दोन शब्दांवर अडून बसावे.

कागदपत्रांत नाशिकच्या घरोघरी अडणारी गाठ नावांची असते. बायकोची पदवी माहेरच्या नावाने, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावे, पासपोर्टवर सासरचे नाव आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नुसते पाळण्यातले नाव, आडनाव नाही. परदेशी व्हिसा अधिकाऱ्याला ही एकच व्यक्ती आहे हे कसे कळणार? शिवाय आपल्याकडे मधले नाव आधी वडिलांचे आणि मग नवऱ्याचे. जन्मदाखल्यांचे आणखी एक दुखणे असे की नोंद रुग्णालयाने बाळाचे नाव ठेवण्याआधी केलेली असते, दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहते. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालून घेता येते, ते आधी करावे. दाखला लॅमिनेट केलेला असेल तर त्यावर शिक्का मारता येत नाही म्हणून तो परत येतो, तेव्हा महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून नवी प्रत काढावी. मग राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा शिक्का. दुबईला जाणाऱ्यांना अपोस्टिल चालत नाही, संयुक्त अरब अमिरात त्या करारात नाही. त्यांना मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर अमिरातीच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे ऐनवेळी लक्षात येते. या सगळ्यात नावांची दुरुस्ती निघाली तर दोन-तीन महिने सहज जातात, आणि तेवढ्यात रुजू होण्याची तारीख टळली तर काय, तेही पत्रात असावे. 'व्हिसाला उशीर झाल्यास नेमणूक रद्द न होता तारीख पुढे जाईल आणि तोवर इथला पगार चालू राहील' ही ओळ राजीनामा देण्याआधी हातात हवी.

सामानाचा विषय कंपन्या रुपयांत बोलतात, आपण घनमीटरात बोलावे. भाडे जहाजाच्या दराप्रमाणे बदलते, घनमीटर बदलत नाही. साठ बाय पंचेचाळीस बाय पंचेचाळीस सेंटीमीटरचा खोका ०.१२ घनमीटर भरतो, म्हणजे एका घनमीटरात आठ खोके. फर्निचर न नेणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला कपडे, भांडी, पुस्तके, अंथरूण-पांघरूण आणि मुलांच्या वस्तू धरून पाच-सहा घनमीटर पुरतात. फर्निचरसह जाणाऱ्यांनी वीस फुटी कंटेनर मागावा. त्याची आतली जागा ३३ घनमीटर असते, पण सामान रचून त्यात पंचवीस ते अठ्ठावीस मावते. कमी सामान इतरांच्या सामानाबरोबर एका कंटेनरमधून जाते, आणि त्यासाठी ते लाकडी पेटीत भरतात. या पेटीला लिफ्टव्हॅन म्हणतात आणि बिल तिच्या बाहेरच्या मापावर होते. खोके पाच घनमीटरचे आणि बिल साडेसहाचे, अशी तक्रार येते ती यामुळे. म्हणून पत्रात 'पेटीचे माप वगळून' असे लिहून घ्यावे. त्या पेटीच्या लाकडावर प्रक्रिया केल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का नसेल तर माल बंदरात अडकतो आणि विलंब शुल्क दिवसागणिक चढते.

विमानाने पाठवायच्या सामानाचे गणित निराळे. तिथे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागतात आणि खरे वजन व हे वजन यांतले जे जास्त त्यावर भाडे लागते. वरच्याच खोक्याचे असे वजन २०.२५ किलो येते. त्यात बारा किलोचे कपडे भरले तरी भाडे सव्वावीस किलोचे. तोच खोका पुस्तकांनी भरला आणि तीस किलो झाला तर भाडे तीस किलोचे. विमानाने जाणाऱ्या खोक्यात कपडे आणि भांडी मिसळून वीस किलोच्या आसपास आणली की एक रुपया वाया जात नाही.

पॅकर्स बहुधा मुंबई किंवा पुण्याचे असतात आणि नाशिकला माणूस न पाठवता फोनवरच्या व्हिडिओत सामान बघून माप ठरवतात. माळ्यावरचे आणि पलंगाच्या पेटीतले सामान त्यात दिसतच नाही. मग बांधणीच्या दिवशी माप वाढते आणि वरचे पैसे कर्मचाऱ्याच्या नावावर टाकले जातात. प्रत्यक्ष पाहणीचा आग्रह धरावा आणि पाहणीचा कागद सहीनिशी घ्यावा. जुन्या नाशकात, पंचवटीच्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही, छोट्या टेम्पोने सामान बाहेर आणावे लागते. त्याचे आणि वरच्या मजल्यांवरून उतरवण्याचे पैसे दरपत्रकात आधीच असावेत. 'घरापासून घरापर्यंत' असा शब्द हवा. 'घरापासून बंदरापर्यंत' असेल तर तिकडचे बंदर शुल्क, सीमाशुल्क तपासणी आणि ट्रक तुमच्या गळ्यात. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वकाळात शहरात अवजड वाहनांवर निर्बंध येणारच. युरोपातल्या शाळा त्याच सुमारास सुरू होतात, तेव्हा त्या वर्षी निघणाऱ्यांनी सामान जुलैतच न्हावा शेव्याकडे रवाना करावे.

विम्यासाठी प्रत्येक वस्तूची किंमत लिहिलेली यादी द्यावी लागते. यादीत नसलेली वस्तू फुटली तर भरपाई नाही. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातली फुटली तरी सहसा नाही. किंमत तिथे नवी घ्यायला जेवढी लागेल तेवढी लिहावी. युरोपीय संघात घरसामानाला सीमाशुल्क माफ आहे, पण वस्तू निदान सहा महिने वापरातली असावी, आपण आधी सलग बारा महिने संघाबाहेर राहिलेलो असावे, आणि पुढे बारा महिने ती विकता येत नाही. म्हणजे जाण्याच्या आदल्या आठवड्यात मेन रोडवर केलेली सगळी नवी खरेदी या सवलतीत बसत नाही. इंग्लंडसाठी माल पोहोचण्याआधी ऑनलाइन अर्ज करून सवलतीचा क्रमांक घ्यावा लागतो. साजूक तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, ते खोक्यात लपवून सगळी पेटी उघडायला लावू नये. आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा. युरोपात तो चालतो, अमेरिकेत १२० व्होल्टवर नाही. साडेसातशे वॅटच्या मिक्सरसाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड असतो. या बदल्यात कंपनीकडून 'उपकरण भत्ता' मागतात, आणि तो मिळतोही.

तात्पुरत्या घराचे तीस दिवस ही कंपन्यांची आवडती संख्या. समुद्रमार्गे सामान घरपोच यायला दोन-तीन महिने लागतात, लाल समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाजे जात असतील तर आणखी. तीस दिवसांनी रिकाम्या घरात चौघे झोपणार कशावर? साठ दिवस मागावे, किंवा तीस दिवस अधिक सामान येईपर्यंत भाड्याचे फर्निचर. जर्मनीत आणखी एक मेख आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. काही सर्व्हिस अपार्टमेंटवाले ते देत नाहीत. नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, आणि कर क्रमांक नसला की पगारातून सहाव्या वर्गाच्या दराने, म्हणजे सर्वांत जास्त, कर कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यांत हात आखडतो. 'नोंदणीसाठी पत्र देणारेच घर कंपनी देईल' असे लिहून घ्यावे. तिथली भाड्याची घरे बरेचदा स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय, दिव्यांशिवाय मिळतात. स्वयंपाकघर स्वतः बसवायचे किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायचे. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. ओट्यासाठी भत्ता आणि अनामतीसाठी बिनव्याजी उचल, या दोन्ही मागण्या रास्त आहेत.

जोडीदाराच्या नोकरीचा प्रश्न देशागणिक बदलतो. जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला काम करता येते. अमेरिकेत एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, गेलेल्याच्या जोडीदारालाही करता येते, एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला मात्र बहुधा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला एक टप्पा पार पडेपर्यंत थांबावे लागते. सिंगापुरात मे २०२१ पासून जोडीदाराला स्वतःचा वेगळा परवाना लागतो. नाशिकमध्ये शिक्षिका, परिचारिका किंवा बँकेत असलेल्या बाईचा पगार थांबणार असेल तर ते नुकसान बोलण्यांत मांडावे. तो पगार महिना ५० हजार असेल तर वर्षाचे सहा लाख गेले. त्यावर भाषेचे वर्ग आणि पदवीची मान्यता मिळवण्याचा खर्च, दोन्ही मागता येतात. शाळेबद्दल एवढेच की मूल नववी-दहावीत असेल तर विशेष विचार करावा. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनी देणार असेल तर किती वर्षे आणि नोकरी मध्येच संपली तर ते शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत का, हे विचारावे.

आता वसुलीचे कलम. 'दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास स्थलांतराचा सर्व खर्च परत' असे ते असते. खर्च नऊ लाख आणि माणूस अठराव्या महिन्यात सुटला तर या वाक्याने नऊच्या नऊ लाख द्यावे लागतात. दरमहा एक चोविसांश कमी होणारी अट घातली तर ३७,५०० प्रमाणे उरलेल्या सहा महिन्यांचे २ लाख २५ हजार. त्यातही कंपनीने वरचा कर सोसला असेल तर वसुली त्या करासह मोजतात, आणि नऊ लाखांचे तेरा लाख होतात. तेव्हा तीन गोष्टी: वसुली दरमहा घटणारी, करापूर्वीच्या नव्हे तर हातात पडलेल्या रकमेवर, आणि फक्त स्वतःहून राजीनामा दिल्यास. कंपनीने काढले, प्रकल्प बंद पडला, व्हिसाची मुदत वाढली नाही किंवा घरात गंभीर आजार झाला तर वसुली नाही. या कलमावर कंपन्या जितक्या सहज माघार घेतात तितक्या दुसऱ्या कशावर घेत नाहीत, कारण त्यात आज काही खर्चायचे नसते.

परतीचा खर्च पत्रात नसतोच, तो घालून घ्यावा. अमेरिकेत एच-१बी किंवा एल-१ वर असताना नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी सोय करायची किंवा निघायचे. जर्मनीत भाडेकरूने घर सोडायची सूचना तीन महिने आधी द्यावी लागते, म्हणजे रिकाम्या घराचेही भाडे चालू. म्हणून कंपनीने काढल्यास सर्वांची परतीची तिकिटे, जातानाइतकेच घनमीटर सामान आणि भाडेकरार मोडण्याचा खर्च, आणि हे सगळे मागायला नव्वद दिवसांची मुदत, असे लिहून घ्यावे.

मागणी कुणाकडे आणि कशी करायची याचीही रीत आहे. इथल्या मनुष्यबळ विभागाच्या हातात ठरलेले धोरण असते, पैसे मात्र तिकडच्या विभागप्रमुखाच्या अंदाजपत्रकातले असतात. तेव्हा रकमेचे त्या प्रमुखाशी बोलावे आणि शब्दांचे मनुष्यबळ विभागाशी. दरमहा वाढणारा भत्ता मागितला की इतरांशी तुलना सुरू होते आणि नकार येतो; एकदाच होणाऱ्या खर्चाला होकार मिळतो. वेळ एकच, पत्र हातात आल्यापासून स्वीकारण्यापर्यंतची. व्हिसाचा अर्ज गेला, इथला राजीनामा दिला, की मग तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. दहा मागण्या एका मेलमध्ये, प्रत्येकीपुढे अंदाजे रक्कम आणि कारण एका ओळीत, आणि त्यातल्या कोणत्या तीन सोडायच्या हे घरात बसून आधी ठरवलेले. फोनवर होकार मिळाला तर त्याच संध्याकाळी 'आज ठरल्याप्रमाणे' अशी मेल पाठवावी आणि सुधारित पत्र आल्याशिवाय सही करू नये. ही सगळी पत्रे, दरपत्रके, पाहणीचा कागद, धोरणाची त्या दिवशीची प्रत कंपनीच्या नियमांत बसेल त्या रीतीने स्वतःजवळ ठेवावी. लोकल होणाऱ्यांचा इथला कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो आणि सामान तेव्हा अजून बंदरातच असते.

आपले,
नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत मनुष्यबळ व करसल्ल्याचे काम करणारे दोघे
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)